मुंबईचे सेंट थॉमस कॅथेड्रल : इतिहास आणि वास्तू यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चर्चगेट स्थानकाजवळ चर्च दिसत नाही, मग हे नाव कोठून आले?

हा प्रश्न मुंबईत नव्याने आलेल्या माणसापासून रोज लोकलने येणाऱ्या चाकरमान्यापर्यंत अनेकांना पडतो, आणि त्याच्या उत्तरातच या चर्चचा निम्मा इतिहास सामावलेला आहे. अठराव्या शतकात मुंबई शहर एका तटबंदीच्या आत वसलेले होते आणि त्या तटाला तीन मुख्य दरवाजे होते: दक्षिणेला अपोलो गेट, उत्तरेला बझार गेट आणि पश्चिमेला चर्च गेट. पश्चिमेच्या दरवाजातून आत शिरले की सरळ रस्ता ज्या चर्चपाशी जात असे, ते हे सेंट थॉमस चर्च. म्हणजे नाव मुळात चर्चचे, तेथून दरवाजाला, दरवाजावरून रस्त्याला आणि पुढे रेल्वे स्थानकाला मिळाले.

१८६० च्या दशकात गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या काळात तट पाडण्यात आला आणि त्याबरोबर दरवाजाही गेला. दरवाजा जेथे उभा होता तेथे १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभारण्यात आले. तोच आजचा हुतात्मा चौक. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात प्राण दिलेल्यांच्या स्मारकापुढे आपण नतमस्तक होतो, तेव्हा आपण जुन्या मुंबईच्या वेशीवरच उभे असतो, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. चर्च गेट स्ट्रीट पुढे वीर नरिमन रोड झाला. मात्र स्थानकाचे नाव टिकले, आणि दीड शतकापूर्वी नाहीशा झालेल्या दरवाजाची आठवण आज दर काही मिनिटांनी उद्घोषणेतून कानांवर पडते.

हे चर्च नेमके कोठे आहे?

फोर्ट भागात, वीर नरिमन रोडवर, हॉर्निमन सर्कलच्या पश्चिमेला लागून. चर्चगेट स्थानकातून बाहेर पडून पूर्वेकडे सरळ चालत राहावे, हुतात्मा चौक ओलांडावा आणि त्याच रस्त्याने पुढे जावे. अंतर साधारण एक किलोमीटर आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून दादाभाई नौरोजी मार्गाने हुतात्मा चौक गाठूनही तेथे पायी जाता येते.

बांधकामाला सुरुवात कधी आणि कोणी केली?

पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन आणि इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यांच्या विवाहाच्या १६६१ च्या तहाने मुंबई इंग्रजांकडे आली, आणि १६६८ मध्ये राजाने ती वार्षिक दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. त्यानंतर वर्षभराने गव्हर्नर झालेल्या जेराल्ड अँजियर याने न्यायालय, टांकसाळ, व्यापाऱ्यांना संरक्षण अशा ज्या अनेक गोष्टींची घडी बसवली, त्यांत चर्चची योजनाही होती. वखारीतील इंग्रजांच्या बेशिस्त वागणुकीला आळा बसावा आणि आपला धर्मही आपण निष्ठेने पाळतो हे येथील लोकांना दिसावे, असे दोन्ही हेतू त्यामागे होते. पायाभरणीचे वर्ष सामान्यतः १६७६ असे मानले जाते. पुढच्याच वर्षी, १६७७ मध्ये, अँजियरचे सुरतेत निधन झाले.

मग चर्च पूर्ण व्हायला १७१८ का उजाडले?

अँजियर गेला आणि भिंती सुमारे १५ फूट उंचीपर्यंत येऊन थांबल्या. पुढे जवळपास चाळीस वर्षे त्या तशाच, छपराविना, उन्हापावसात उभ्या राहिल्या. एवढ्या दीर्घ काळात इंग्रज रहिवाशांची रविवारची उपासना किल्ल्यातील एका खोलीतच होत असे. या दिरंगाईला एकच कारण देता येत नाही.

पहिले कारण पैशाचे. चर्चसाठी लोकांकडून वर्गणी गोळा झाली होती. त्या काळात या किनाऱ्यावर व्यापार करणारा अलेक्झांडर हॅमिल्टन नावाचा स्कॉटिश कप्तान आपल्या प्रवासवृत्तात लिहितो, की जमलेले पाच हजार पौंडांहून अधिक धन सर जॉन चाइल्ड याने मुंबईची सत्ता हाती येताच स्वतःकडे वळवले आणि त्याचा पुढे पत्ता लागला नाही. हॅमिल्टनचे कंपनीच्या अधिकाऱ्यांशी वैर होते, त्यामुळे त्याचा आरोप जसाच्या तसा स्वीकारणे योग्य होणार नाही. भिंती मात्र अर्धवट राहिल्या, हे खरेच आहे.

दुसरे कारण अस्थिरतेचे. १६८३ मध्ये कॅप्टन रिचर्ड केग्विन याने कंपनीविरुद्ध बंड करून बेट राजाच्या नावाने सुमारे वर्षभर आपल्या ताब्यात ठेवले. त्यानंतर चाइल्डने मोगलांशी भांडण उकरून काढले आणि त्याची किंमत मुंबईने मोजली: १६८९ मध्ये मोगलांच्या बाजूने जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान शिवडीला उतरला, माझगाव त्याने घेतले आणि इंग्रजांना किल्ल्यात कोंडून वर्षाहून अधिक काळ वेढा चालवला. वेढ्याच्या धामधुमीतच १६९० मध्ये चाइल्ड वारला.

तिसरे कारण रोगराईचे. दलदल आणि खाजणांनी वेढलेल्या त्या बेटावर हिवताप, हगवण आणि पटकी यांनी इंग्रज वस्ती सतत विरळ होत असे. दोन पावसाळे म्हणजे माणसाचे आयुष्य, असे तेव्हा मुंबईतील इंग्रजांत म्हटले जाई. जेथे पुढच्या चौमाशाची शाश्वती नव्हती, तेथे दगडी बांधकामाचा पाठपुरावा कोण करणार? माझ्या मते या तिन्ही कारणांत हे कारण सर्वांत कमी सांगितले जाते आणि तेच कदाचित सर्वांत जड आहे.

अर्धवट राहिलेले काम शेवटी कोणी पुरे केले?

१७१४ मध्ये रिचर्ड कॉब नावाचा तरुण पाद्री कंपनीचा धर्मोपदेशक म्हणून मुंबईत आला. पडक्या भिंती पाहून त्याने प्रवचनातून श्रोत्यांना त्यांच्या कर्तव्याची आठवण करून दिली, वर्गणी पुन्हा सुरू केली आणि १७१५ मध्ये कामाला गती आली. त्या वर्षाच्या अखेरीस गव्हर्नर म्हणून आलेल्या चार्ल्स बूनने त्याला पाठिंबा दिला. शहराभोवतीचा तट याच बूनच्या कारकिर्दीत पुरा झाला. म्हणजे चर्च आणि चर्च गेट ही एकाच काळाची, एकाच राजवटीची बांधकामे आहेत, आणि दोन्हींमागे आपण येथे कायमचे राहणार आहोत हे ठसवण्याची कंपनीची इच्छा होती.

१७१८ च्या नाताळच्या दिवशी काय घडले?

चर्च उपासनेसाठी खुले झाले ते २५ डिसेंबर १७१८ रोजी. कॉबने या सोहळ्याचे वर्णन लिहून ठेवले आहे आणि मराठी वाचकाने ते मुद्दाम लक्षात घ्यावे असे आहे. चर्च माडाच्या झावळ्यांनी आणि केळीच्या खांबांनी सजवले होते. खांबांना हिरव्या पानांच्या माळा गुंडाळल्या होत्या. इंग्लंडहून आलेल्या उपासनापद्धतीचे पहिले मोठे देवघर मुंबईत उघडले, तेव्हा त्याची सजावट आपल्याकडे सत्यनारायणाच्या चौरंगाला किंवा लग्नाच्या मांडवाला असते तशी होती. ती सजावट करणारे हात येथल्याच माणसांचे असणार, हे सांगायला कागदाची गरज नाही.

त्या दिवशी दाराशी एक मोठा समुदाय उभा होता. मुंबईतील शेणवी समाजाचे पुढारी, धनाढ्य व्यापारी आणि कंपनीच्या भंडारी शिबंदीचे प्रमुख रामा कामाती हे आपल्या ज्ञातिबांधवांसह आले होते आणि उपासना संपेपर्यंत बाहेर थांबून त्यांनी ती पाहिली. तिथली शिस्त आणि गांभीर्य त्यांना आवडले, असे कॉबने नोंदवले आहे. या रामा कामातींनी त्याच दशकात वाळकेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला होता. स्वतःच्या देवळाची पुन्हा उभारणी करणारा माणूस शेजाऱ्याच्या देवघराच्या उद्घाटनाला आदराने हजर राहतो, हा प्रसंग तीनशे वर्षांनंतरही मनाला स्पर्शून जातो.

रामा कामातींचे पुढे काय झाले?

हा भाग चर्चच्या माहितीपत्रकांत सहसा येत नाही, पण त्याशिवाय त्या नाताळचे चित्र अपुरे राहते. बून त्या वेळी कान्होजी आंग्रे यांच्याशी लढत होता. १७१७ मध्ये विजयदुर्गावरील हल्ला फसला; नोव्हेंबर १७१८ मध्ये, म्हणजे चर्च खुले होण्याच्या जेमतेम महिनाभर आधी, खांदेरीवरची मोहीमही अपयशी ठरली. अपयशाचे खापर फोडायला कोणीतरी हवे होते. १७२० मध्ये रामा कामातींवर आंग्र्यांशी गुप्त पत्रव्यवहार केल्याचा आरोप ठेवण्यात आला, त्यांना कैदेत टाकण्यात आले आणि त्यांची मालमत्ता जप्त झाली. ज्या पत्रांच्या आधारावर शिक्षा झाली ती पत्रे बनावट होती, हे पुढे उघड झाले. तोवर रामा कामातींनी कैदेतच देह ठेवला होता.

ज्या गव्हर्नरने चर्च पूर्ण होऊ दिले, त्याच्याच राजवटीत त्या चर्चच्या दाराशी आदराने उभ्या राहिलेल्या माणसावर हा अन्याय झाला. चर्चच्या आत शेकडो इंग्रजांची नावे संगमरवरावर कोरलेली आहेत. रामा कामातींचे नाव सांगण्याचे काम आपल्यालाच करावे लागते, आणि आपण ते केले पाहिजे.

या चर्चला ‘सेंट थॉमस’ हे नाव आणि ‘कॅथेड्रल’ हा दर्जा केव्हा मिळाला?

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांची नेहमी गल्लत होते. अँग्लिकन परंपरेत चर्चचे अभिषेकपूर्वक समर्पण बिशपच करू शकतो, आणि १७१८ मध्ये हिंदुस्थानात एकही अँग्लिकन बिशप नव्हता. कलकत्त्याला पहिला बिशप थॉमस मिडलटन नेमला गेला तो १८१४ मध्ये. तो १८१६ मध्ये मुंबईत आला आणि त्याने हे चर्च प्रेषित थॉमस याच्या नावाने समर्पित केले. येशूच्या बारा शिष्यांपैकी हा थॉमस इसवी सनाच्या पहिल्या शतकात केरळच्या किनाऱ्यावर उतरला आणि मयिलापूर येथे हुतात्मा झाला, अशी भारतातील ख्रिस्ती समाजाची प्राचीन श्रद्धा आहे. म्हणून हे नाव येथे शोभून दिसते.

कॅथेड्रल म्हणजे आकाराने मोठे चर्च नव्हे. ज्या चर्चमध्ये बिशपचे आसन असते ते कॅथेड्रल, मग ते लहान असले तरी. मुंबईचा स्वतंत्र धर्मप्रांत १८३७ मध्ये निर्माण झाला, थॉमस कार हे पहिले बिशप झाले आणि त्यांचे आसन येथे आल्यामुळे चर्चचे कॅथेड्रल झाले.

आज दिसते ती इमारत १७१८ चीच आहे का?

काही अंशी. ही वास्तू एका दमात, एका आराखड्यावर उभी राहिलेली नाही, आणि तिच्याकडे पाहताना ही गोष्ट लक्षात ठेवली तर बऱ्याच विसंगतींचा उलगडा होतो.

मुख्य दालन, त्याच्या जाड भिंती, खांब आणि कमानी हा अठराव्या शतकातील गाभा आहे. तो साधा, भक्कम आणि काहीसा किल्ल्यासारखा आहे. समुद्रावरून शत्रू केव्हाही येईल अशा काळात बांधलेल्या इमारतीला हे रूप साहजिकच होते. कॅथेड्रलचा दर्जा मिळाल्यावर, १८३८ च्या सुमारास, पश्चिमेकडील जुन्या लहान घंटाघराच्या जागी आजचा मनोरा आणि त्यावरील घड्याळ आले.

त्यानंतर आला कापसाचा पैसा. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तेथील कापूस थांबला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि शहरात शेअरबाजारी वेडाची लाट उसळली. याच सुमारास जेम्स ट्रबशॉ या वास्तुरचनाकाराच्या आराखड्यानुसार सगळे चर्च गॉथिक शैलीत नव्याने घडवण्याचे ठरले. पूर्वेकडचा वेदीचा भाग वाढवून, उंच निमुळत्या खिडक्यांसह, आरंभीच्या इंग्लिश गॉथिक पद्धतीने बांधण्याचे काम हाती घेण्यात आले. परंतु १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या आणि त्याबरोबर ही भव्य योजनाही बारगळली. वेदीचा भाग तेवढा १८६९ पर्यंत पुरा झाला.

म्हणूनच आत शिरल्यावर दालनाच्या मध्यभागी उभे राहून पूर्वेकडे पाहिले की दोन वेगळी युगे एकमेकांना जोडलेली दिसतात: अलीकडे गोलसर कमानींचे, शांत, घनदाट अठरावे शतक आणि पलीकडे टोकदार कमानींचे, रंगीत काचांतून उजेड झिरपणारे एकोणिसावे शतक. कित्येक अभ्यासकांना ही जोड विसंगत वाटते. मला मात्र ती प्रामाणिक वाटते. पैसा संपला तेथे बांधकाम थांबले आणि जुने तसेच राहिले, म्हणूनच आज आपल्याला कॉबच्या काळातील दालन पाहायला मिळते. योजना सफल झाली असती तर ते नक्कीच पाडले गेले असते.

वेदीच्या वरच्या रंगीत काचांत मध्यभागी संत थॉमस असून त्याच्या दोन्ही बाजूंना गॅब्रिएल आणि मायकल हे देवदूत आहेत. सकाळी पूर्वेचा उजेड असताना त्या पाहाव्यात.

प्रवेशद्वाराजवळचे दगडी कारंजे कोणाचे?

ते कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी दानशूराच्या देणगीतून उभे राहिले. त्याचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. मुंबई विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर यांचे रचनाकारही हेच स्कॉट, आणि दीक्षान्त सभागृहाला देणगीही कावसजी जहांगीर यांचीच. स्कॉट यांनी हिंदुस्थानात कधी पाऊल ठेवले नाही. त्यांचे आराखडे बोटीने येत आणि येथले पाथरवट ते दगडात उतरवत.

आतील भिंतींवरील स्मारके कोणाची आहेत? त्यांत मराठी इतिहासाशी संबंधित काही आहे का?

आहे, आणि ते पाहण्यासाठी निदान एक तास हाताशी ठेवावा. या चर्चच्या भिंती म्हणजे संगमरवरावर कोरलेली कंपनी सरकारची बखर आहे. ती एका बाजूने लिहिलेली आहे, हे मात्र वाचताना विसरू नये.

सर्वांत लक्ष वेधून घेणारे स्मारक जोनाथन डंकन याचे आहे. तो १७९५ पासून १८११ मध्ये मुंबईतच मृत्यू येईपर्यंत, म्हणजे जवळपास सोळा वर्षे, गव्हर्नर होता. बनारसला रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी, असताना त्याने १७९१ मध्ये तेथे संस्कृत पाठशाळा स्थापन केली. बनारस आणि काठेवाड भागांतील काही घराण्यांत नवजात मुलींना मारण्याची जी रीत होती, ती बंद करण्यासाठी त्याने केलेल्या प्रयत्नांचा उल्लेख स्मारकावर आवर्जून कोरला आहे. ती रीत त्याच्या हयातीत खरोखर थांबली असे म्हणता येणार नाही. शिलालेखांना कामाच्या आरंभालाच सिद्धी म्हणण्याची सवय असते. दुसऱ्या बाजीरावाने ज्या वसईच्या तहावर ३१ डिसेंबर १८०२ रोजी सही केली, त्या वेळी मुंबईचा गव्हर्नर हाच होता. शीवचा जुना बांधरस्ताही त्याच्याच कारकिर्दीतला.

मराठी माणसाची पावले ज्या पाटीपाशी थबकतात ती कर्नल बर याची. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईत इंग्रज फौजेचे नेतृत्व त्याच्याकडे होते. समोर बापू गोखल्यांच्या हाताखालील पेशव्यांची फौज होती आणि मोरोपंत दीक्षित त्या दिवशी धारातीर्थी पडले. त्या लढाईनंतर दोन आठवड्यांच्या आत पुणे इंग्रजांच्या हाती गेले. संगमरवरावर ही गोष्ट विजयाची म्हणून सांगितलेली आहे. आपल्या आजी-आजोबांनी सांगितलेली गोष्ट निराळी आहे. दोन्ही मनात ठेवून त्या पाटीसमोर उभे राहणे, हा मला इतिहास शिकण्याचा सर्वांत चांगला मार्ग वाटतो, आणि शाळांच्या सहली या भिंतीपर्यंत आल्या पाहिजेत असे मनापासून वाटते.

समुद्राशी नाते सांगणारी स्मारके पुष्कळ आहेत. कॅप्टन जॉर्ज निकोलस हार्डिंज हा मार्च १८०८ मध्ये ‘पिएमाँतेझ’ या फ्रेंच युद्धनौकेशी तीन दिवस चाललेल्या झुंजीत शेवटच्या दिवशी मारला गेला. ॲडमिरल फ्रेडरिक मेटलंड याच्या जहाजावर १८१५ मध्ये नेपोलियनने स्वतःला इंग्रजांच्या स्वाधीन केले होते. तोच मेटलंड १८३९ मध्ये मुंबईजवळ समुद्रात वारला. अफगाणिस्तानातील हेरातच्या बचावात नाव कमावलेला एल्ड्रेड पॉटिंजर याचेही स्मरण येथे आहे. पहिले बिशप कार यांची पहुडलेली प्रतिमाही आहे.

एका लहानशा पाटीकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. ती हेन्री बॉवर्स याची. कॅप्टन स्कॉटबरोबर दक्षिण ध्रुवावर पोहोचलेल्या आणि १९१२ मध्ये परतताना बर्फात प्राण गमावलेल्या पाच जणांपैकी तो एक. त्यापूर्वी तो हिंदुस्थानच्या आरमारी सेवेत होता, म्हणून त्याची आठवण मुंबईच्या दमट हवेतल्या या भिंतीवर आहे.

याशिवाय कमी वयात गेलेल्या बायका, मुले, विशी-पंचविशीतले कारकून आणि सैनिक यांच्या पाट्या मन विषण्ण करतात. वये वाचत गेले की ‘दोन पावसाळ्यांचे आयुष्य’ ही म्हण अलंकारिक नव्हती हे कळते.

मुंबईचे अंतर या चर्चपासून मोजत असत, हे खरे आहे का?

होय. एकोणिसाव्या शतकात शहराच्या उत्तरेकडे, माहीम आणि शीवच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्यांवर काळ्या दगडाचे मैलाचे दगड बसवण्यात आले. त्यांवरील अंतर रोमन आकड्यांत असून ते सेंट थॉमस चर्चपासून मोजलेले आहे. म्हणजे हे चर्च मुंबईचा शून्य मैल होते. रस्त्यांची उंची वाढत गेली तसे हे दगड पदपथांत गाडले गेले; कोणाचे फक्त डोके वर राहिले, कोणी दुकानाच्या पायरीसारखे वापरले गेले. अलीकडच्या काळात इतिहासप्रेमी नागरिकांनी त्यांचा शोध घेतला आणि महानगरपालिकेने काही दगड उकरून, स्वच्छ करून पुन्हा उभे केले आहेत. परळ, दादर भागांतून जाताना गुडघ्याएवढा जुना दगड दिसला तर थांबून त्यावरचा आकडा वाचावा.

चर्चसमोरच्या वर्तुळाकार बागेचा चर्चशी काय संबंध?

आजच्या हॉर्निमन सर्कलच्या जागी पूर्वी बॉम्बे ग्रीन नावाचे मोकळे मैदान होते. कापसाच्या गासड्यांचे ढीग येथेच पडत, म्हणून त्याला कॉटन ग्रीनही म्हणत. १८४४ मध्ये कापसाचा बाजार कुलाब्याला हलवण्यात आला. मैदानाच्या एका अंगाला चर्च आणि समोर १८३३ मध्ये पूर्ण झालेला टाउन हॉल, म्हणजे एशियाटिक सोसायटीची वास्तू. तिच्यासमोरच्या वडाखाली जमणाऱ्या दलालांपासून पुढे मुंबईचा शेअरबाजार उभा राहिला. तट पडल्यानंतर या मैदानाचे एल्फिन्स्टन सर्कल झाले आणि स्वातंत्र्यानंतर, ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे स्वातंत्र्यवादी संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव त्याला देण्यात आले.

हे मुंबईतील सर्वांत जुने चर्च आहे का?

नाही. हे मुंबईतील पहिले अँग्लिकन चर्च आहे. त्याच्या शंभर-दीडशे वर्षे आधीपासून पोर्तुगीज राजवटीत या बेटांवर आणि साष्टीत रोमन कॅथलिक चर्च उभी होती. माहीमचे सेंट मायकल, वांद्र्याचे सेंट अँड्र्यू आणि दादरचे पोर्तुगीज चर्च यांची स्थापना सोळाव्या शतकातली आहे. अर्थात माहीम आणि दादर येथील आजच्या इमारती विसाव्या शतकातल्या आहेत. कुलाब्याचे अफगाण चर्च १८५८ मध्ये समर्पित झाले आणि पहिल्या अफगाण युद्धातील सैनिकांचे ते स्मारक आहे. त्याची आणि सेंट थॉमसची अनेकदा गफलत होते. कुलाब्यातील होली नेम कॅथेड्रल हे रोमन कॅथलिक आर्चबिशपांचे पीठ आहे.

कॅथेड्रल शाळेचे नाव याच चर्चवरून आहे का?

होय. चर्चच्या गायकवृंदासाठी मुले तयार व्हावीत या हेतूने १८६० मध्ये एक शाळा सुरू झाली. पुढे तिचे जॉन कॉनन शाळेशी एकत्रीकरण होऊन आजची कॅथेड्रल अँड जॉन कॉनन स्कूल आकाराला आली.

आज हे चर्च कोणत्या पंथाचे आहे?

चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या संयुक्त मंडळीच्या मुंबई धर्मप्रांताचे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे अँग्लिकन, मेथॉडिस्ट, बाप्टिस्ट यांसह सहा मंडळ्यांनी आपले वेगळेपण बाजूला ठेवून ही एक मंडळी स्थापन केली. त्यामुळे एके काळी राज्यकर्त्यांचे असलेले हे उपासनास्थान आता सर्वस्वी भारतीय मंडळीचे आहे. १९११ मध्ये पंचम जॉर्ज आणि राणी मेरी ज्या खुर्च्यांवर बसली होती त्या आजही जपून ठेवलेल्या आहेत, आणि त्यांच्या आसपास बसून प्रार्थना करणारी माणसे मात्र गिरगाव, भायखळा, कुलाबा येथून आलेली मुंबईकर असतात.

इमारतीचा जीर्णोद्धार झाला आहे का?

या शतकाच्या सुरुवातीला वास्तुरचनाकार ब्रिंदा सोमाया यांच्या मार्गदर्शनाखाली मोठे संवर्धनकाम झाले आणि २००४ मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कार मिळाला.

अशा वास्तूचे खरे शत्रू म्हणजे पाऊस आणि खारा वारा. जुन्या दगडी भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. चुना ओल शोषतो आणि हवेत सोडतो, त्यामुळे भिंत श्वास घेत राहते. दुरुस्तीच्या नावाखाली त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, क्षार फुलतात आणि दगडाची साल निघू लागते. म्हणून अशा कामात चुन्याचाच गिलावा, छपराची आणि पन्हळांची वेळच्या वेळी निगा, आणि संगमरवरी स्मारकांची आम्लाविना सफाई या गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. हे काम एकदा करून संपणारे नसते. प्रत्येक पावसाळ्याआधी पन्हळे साफ करणे हेच निम्मे संवर्धन आहे.

चर्च पाहायला जाताना कोणती काळजी घ्यावी?

ही चालू उपासनास्थळाची वास्तू आहे. उपासना सुरू असेल तर मागच्या बाकावर शांत बसावे किंवा नंतर यावे. छायाचित्रे घेण्यापूर्वी तेथील सेवकांना विचारावे. स्मारकांना हात लावू नये, कारण हाताच्या तेलकटपणाने संगमरवर काळवंडतो. निघताना पश्चिमेच्या दाराबाहेर क्षणभर थांबावे. २५ डिसेंबर १७१८ रोजी रामा कामाती आणि त्यांचे ज्ञातिबांधव दाराबाहेर असेच उभे राहिले होते.